दोन एक्सेल फाइल्समधला फरक शोधायचाय? आधी कुठली ओळ कुणाची ते ठरवा, टूल नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन एक्सेल फाइल्स आहेत, एक गेल्या महिन्याची आणि एक या महिन्याची, दोन्हीत साधारण बारा हजार ओळी, कॉलम म्हणजे मालाचा कोड, नाव, नग, दर आणि शेवटच्या नोंदीची तारीख. ओळींचा क्रम दोन्हीकडे वेगळा. हवंय एवढंच की नवीन काय आलं, काय गेलं आणि काय बदललं. विचारणाऱ्यांनी दोन्ही शीट शेजारी शेजारी ठेवून सेलला सेल बरोबर आहे का असा फॉर्म्युला लावला तर जवळपास सगळंच फॉल्स आलं, मग व्हीलुकअप (एका यादीतला कोड दुसऱ्या यादीत शोधून त्याची माहिती आणणारा फॉर्म्युला) लावला तर नऊशेच्या आसपास ओळींना एन-ए, म्हणजे सापडलं नाही, असं आलं, पण त्यातले बरेच कोड डोळ्यांना दोन्ही फाइलमध्ये स्पष्ट दिसतायत. "यासाठी चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" असं विचारलंय.

सॉफ्टवेअरचं सांगतो, पण नंतर. मी हेच काम बरीच वर्षं करतोय, स्टॉकच्या याद्या, पगाराची शीट्स, बँकेची स्टेटमेंट आणि आपलं लेजर, आणि अनुभव असा की टूल बदलून हा प्रश्न सुटत नाही. कुठल्याही टूलला दोन गोष्टी तुम्हीच सांगाव्या लागतात. एक, या फाइलमधली कुठली ओळ त्या फाइलमधल्या कुठल्या ओळीची जोडीदार आहे. दुसरी, फरक म्हणजे नक्की कशाला म्हणायचं. "५" आणि "५.००" हा फरक आहे का? शेवटी एक स्पेस जास्त असेल तर? रिकामा सेल आणि शून्य? याची उत्तरं तुम्ही दिली नाहीत तर टूल स्वतःच्या मनाने देतं, आणि मग एकतर सगळंच लाल दिसतं किंवा खरा फरक निसटून जातो. दुसरं जास्त वाईट, कारण ते कळतच नाही.

तर पहिलं काम की कॉलम ठरवणं, म्हणजे ज्यावरून ओळ ओळखायची तो कॉलम. तुमच्याकडे मालाचा कोड आहे म्हणजे निम्मं काम झालं, पण तो कोड एका फाइलमध्ये एकदाच येतो का हे आधी तपासा, गृहीत धरू नका. पिव्होट टेबल टाका, कोड रो मध्ये आणि कोडचाच काउंट व्हॅल्यूमध्ये, मग मोठ्याकडून छोट्याकडे सॉर्ट करा. वरती सगळीकडे १ दिसलं तर छान. काउंटइफनेही (एखादी गोष्ट कॉलममध्ये किती वेळा आलीय ते मोजणारं फंक्शन) होतं पण बारा हजार ओळींवर बारा हजार काउंटइफ म्हणजे चौदा कोटींच्या वर तुलना, शीट अडकल्यासारखी होते, पिव्होट लगेच होतो. २ किंवा ३ दिसलं तर थांबा, कारण व्हीलुकअप कायम पहिलीच जुळणारी ओळ आणतो, दुसरी ओळ त्याच्या लेखी नसतेच. अशा वेळी कोडला आणखी काहीतरी जोडून की बनवा, उदा. कोड आणि गोडाऊन, किंवा कोड आणि बॅच. जोडताना मध्ये उभी रेघ किंवा असं एखादं चिन्ह टाका जे डेटात कुठेच नाही, नाहीतर १२ आणि ३४५ जोडून जे होतं तेच १२३ आणि ४५ जोडूनही होतं आणि दोन वेगळ्या ओळी एक होऊन बसतात. खरोखरच काही वेगळं ओळखायला नसेल तर पहिली नोंद, दुसरी नोंद असा चालता काउंट लावून की युनिक करता येते, पण मग दोन्ही फाइल्स आधी एकाच पद्धतीने सॉर्ट केलेल्या हव्यात.

आता त्या नऊशे एन-ए चं बघू, कारण खरी गंमत इथे आहे आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. कोड डोळ्याला दिसतोय आणि व्हीलुकअपला सापडत नाही म्हणजे बहुतेक वेळा एका फाइलमध्ये तो नंबर आहे आणि दुसरीत टेक्स्ट आहे. एक साधी टेस्ट आहे. ज्या ओळीला एन-ए आलंय तोच कोड काउंटइफने दुसऱ्या फाइलमध्ये मोजा. काउंटइफ नंबर आणि नंबरसारखं दिसणारं टेक्स्ट यात भेद करत नाही, व्हीलुकअप करतो. म्हणजे काउंटइफ १ म्हणतोय आणि व्हीलुकअप एन-ए म्हणतोय तर बहुधा नंबर आणि टेक्स्टचंच भांडण आहे. दोघेही नाही म्हणत असतील तर एकतर लपलेलं कॅरॅक्टर आहे किंवा माल खरंच त्या फाइलमध्ये नाही. एवढ्या एका टेस्टने नऊशेचे दोन ढीग होतात आणि काय दुरुस्त करायचं ते कळतं.

दुरुस्ती करताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट केला की काम झालं असं वाटतं. होत नाही. आधीपासून असलेले नंबर नंबरच राहतात, फक्त दिसणं बदलतं, सेलमध्ये जाऊन परत एंटर मारेपर्यंत. त्यापेक्षा शेजारी एक कॉलम घ्या आणि कोडला रिकामं टेक्स्ट जोडा, म्हणजे कोड, मग अँडचं चिन्ह (&), मग दोन अवतरण चिन्हं (""), की सगळं टेक्स्ट होतं. दोन्ही फाइल्समध्ये तसंच करा. कोडमध्ये पुढे शून्यं असतील, म्हणजे ००४५१२ सारखे, आणि एका फाइलमध्ये ती उडाली असतील तर टेक्स्ट फंक्शनने सहा आकडी करून घ्या, अर्थात सगळे कोड सहा आकडीच आहेत याची खात्री असेल तरच. काही कोड मुळातच चार आकडी असतील तर नसलेली शून्यं चिकटवून तुम्हीच नवा घोळ कराल.

ती शून्यं बहुतेक वेळा उडतात सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) डबल क्लिक करून उघडल्यामुळे. एक्सेल उघडतानाच प्रत्येक सेल बघून अंदाज लावतं की हा नंबर, ही तारीख. १२ई५ असा कोड असेल तर त्याचा बारा लाख होतो. सोळा आकडी किंवा त्याहून लांब नंबर असेल तर पंधरा आकड्यांनंतरचं सगळं शून्य होतं, आणि ते गेलं की गेलं, फॉरमॅट बदलून परत येत नाही. या अंदाज लावण्यामुळे किती त्रास झालाय याचं एकच उदाहरण देतो, जनुकांची काही नावं इंग्रजीत मार्च१, सेप्ट१ अशी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलली. म्हणून सीएसव्ही कधीही डेटा टॅबमधून, फ्रॉम टेक्स्ट ने आणा आणि कोडचा कॉलम तिथेच टेक्स्ट म्हणून सांगा. मिळालेली मूळ सीएसव्ही तशीच बाजूला ठेवा, एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका.

दुसरा ढीग, लपलेली कॅरॅक्टर. आधी ट्रिम लावा, ट्रिम पुढची मागची स्पेस काढतो आणि मधल्या दोन-तीन स्पेसची एक करतो. पण वेबपेजवरून किंवा एखाद्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टवरून आलेल्या डेटात एक वेगळीच स्पेस असते, न तुटणारी, नंबर १६०, ती ट्रिमला दिसतच नाही. आधी सबस्टिट्यूटने १६० ची साधी स्पेस करा आणि मग ट्रिम करा. शंका असेल तर दोन्ही सेलवर लांबी मोजणारं लेन फंक्शन लावा, एक ८ आणि दुसरा ९ आला की समजा काहीतरी चिकटलंय, मग राइटने शेवटचं कॅरॅक्टर काढून त्याचा युनिकोड नंबर बघा, चोर लगेच सापडतो.

नावाचा कॉलम मराठीत असेल तर अजून एक भानगड आहे जी इंग्रजीतल्या माहितीत सहसा सापडत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. "दुसऱ्या" या शब्दातला ऱ्या दोन-तीन प्रकारे टाइप होतो. कुणी ऱ हे अक्षर वापरतं, कुणाचा कीबोर्ड साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जॉइनर टाकतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, एक्सेलला ते पूर्ण वेगळे शब्द आहेत. त्यामुळे नावावरून कधी जोडी लावू नका, कोडवरूनच लावा. नावच तपासायचं असेल तर आधी ऱ साठी एकच पद्धत ठरवून दोन्हीकडे सबस्टिट्यूटने तीच करून घ्या आणि मग उरलेले न दिसणारे जॉइनर काढा.

कोडमध्ये तारा (*) किंवा प्रश्नचिन्ह असेल तर व्हीलुकअप आणि काउंटइफ त्याला वाइल्डकार्ड, म्हणजे "इथे काहीही चालेल" असं समजतात, आधी टिल्डचं चिन्ह (~) लावावं लागतं. आणि व्हीलुकअपमध्ये शेवटचा आर्ग्युमेंट फॉल्स द्यायला विसरू नका, नाही दिला तर तो जवळपासचं उत्तर आणून देतो आणि ते अगदी खरं वाटतं. नवीन एक्सेल असेल, २०२१ किंवा ३६५, तर एक्सलुकअप वापरा, तो न सांगता अचूकच शोधतो.

की साफ झाली की प्रत्यक्ष तुलना तशी सोपी आहे. जुन्या फाइलमधले कोड नव्यात शोधा, जे नाहीत ते गेलेले. नव्यातले जुन्यात शोधा, जे नाहीत ते आलेले. दोन्ही दिशांनी करा, बरेच लोक एकाच बाजूने शोधतात आणि नवीन आलेल्या ओळी त्यांना दिसतच नाहीत. जे दोन्हीकडे आहेत त्यांचे नग, दर, तारीख शेजारी आणून तपासा.

या तपासण्यातही खाचखळगे आहेत. दर जर कुठल्या तरी भागाकारातून आलेला असेल तर दिसताना दोन्हीकडे सारखाच दिसेल आणि एक्सेल वेगळा म्हणेल, कारण दशांश आकडे आत बायनरीत ठेवले जातात आणि ते नेमके बसत नाहीत. खात्री करायची असेल तर एका सेलमध्ये १ गुणिले कंसात ०.५ वजा ०.४ वजा ०.१ असं टाकून बघा, शून्य यायला हवं पण एक अतिशय बारीक ऋण आकडा येतो. म्हणून पैशाचे आकडे दोन दशांशांवर राउंड करून तपासा, किंवा फरकाची अॅबसोल्यूट व्हॅल्यू अर्ध्या पैशापेक्षा कमी असेल तर सारखं धरा. तारखेचं तसंच, तारीख म्हणजे आत एक आकडाच असतो आणि वेळ हा त्याचा अपूर्णांक, त्यामुळे एका फाइलमध्ये तारखेच्या मागे वेळ लपलेली असेल तर दिसायला एकच दिवस आणि तुलनेत फरक. दोन्हीकडे अपूर्णांक काढून टाकणारं इंट फंक्शन लावा. सगळ्याच तारखा बरोबर १४६२ दिवसांनी वेगळ्या येत असतील तर एक फाइल १९०० पासून दिवस मोजते आणि दुसरी १९०४ पासून, जुन्या मॅकवर बनलेल्या फाइल्समध्ये हे होतं. आणि दिवस-महिना उलटापालट झालं असेल तर ते ओळखायची खूण अशी की १२ तारखेपर्यंतच्या तारखा गपचूप बदललेल्या असतात आणि १३ च्या पुढच्या टेक्स्ट होऊन डावीकडे सरकलेल्या असतात. असं दिसलं तर ती फाइल सुधारत बसू नका, मूळ डेटा नीट इम्पोर्ट करा.

रिकाम्या सेलकडे खास लक्ष द्या. एक्सेल रिकाम्या सेलला शून्याच्या बरोबर मानतं, रिकाम्या टेक्स्टच्याही बरोबर मानतं, आणि व्हीलुकअप रिकामा सेल आणताना ० दाखवतो. स्टॉकच्या यादीत "शून्य नग आहेत" आणि "मोजलंच नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकदा एका यादीत चाळीसेक मालांची मोजणी राहून गेली होती आणि माझ्या तुलनेत ती सगळी जुळतेय असं आलं, कारण जुन्यात शून्य होतं आणि नव्यात रिकामं. गोडाऊनमध्ये माणूस माल शोधायला गेला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी तुलनेआधी दोन्ही फाइल्समधल्या रिकाम्या सेलमध्ये "रिक्त" असा शब्दच भरून घेतो. अक्षरांच्या लहान-मोठेपणाचंही असंच, इंग्रजी कोडमध्ये छोटं ए आणि मोठं ए साध्या बरोबरच्या चिन्हाला एकच, ते वेगळं धरायचं असेल तर एक्झॅक्ट फंक्शन लागतं.

आता टूल. दर महिन्याला हेच करायचं असेल तर फॉर्म्युले सोडा आणि पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करायचं आणि जोडायचं एक्सेलमधलं साधन) शिका, एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे, डेटा टॅबमध्ये. दोन्ही फाइल्स आणायच्या, सफाईच्या स्टेप एकदा लिहायच्या, मग मर्ज, म्हणजे की वरून दोन्ही याद्या जोडणं. मर्जमध्ये जॉइनचे प्रकार असतात, त्यातला लेफ्ट अँटी म्हणजे फक्त डावीकडे असलेल्या ओळी, राइट अँटी म्हणजे फक्त उजवीकडच्या, आणि इनर म्हणजे दोन्हीकडच्या. गेलेले, आलेले आणि सामायिक, तिन्ही याद्या तयार. पुढच्या महिन्यात फाइल बदलायची आणि रिफ्रेश. फक्त दोन गोष्टी, पॉवर क्वेरी लहान-मोठं अक्षर वेगळं मानते, आणि फाइल आणल्यावर ती आपोआप चेंज्ड टाइपची स्टेप टाकते ती उघडून बघा, कोड तिथे नंबर झाला असेल तर टेक्स्ट करा. की युनिक नसेल तर मर्जमध्ये ओळी गुणाकाराने वाढतात, इकडे २ आणि तिकडे ३ असतील तर ६ होतात, म्हणून ती सुरुवातीची पिव्होटवाली तपासणी टाळू नका.

ऑफिसच्या प्रोफेशनल प्लस आणि ३६५ च्या मोठ्या कंपन्यांसाठीच्या आवृत्त्यांमध्ये, २०१३ पासून, स्प्रेडशीट कंपेअर नावाचा वेगळा प्रोग्राम येतो, फक्त विंडोजवर. चांगला आहे, पण तो तुमच्या कोडवरून जोडी लावत नाही, जागेवरून लावतो, त्यामुळे क्रम बदललेल्या यादीवर तो तुम्हाला फरकांचा पूर दाखवेल. त्याची खरी जागा वेगळी आहे, बजेट किंवा हिशोबाचं मॉडेल, ज्याचा साचा तोच आहे आणि कुणीतरी मध्येच हात लावलाय. तिथे तो हाताने भरलेली व्हॅल्यू, फॉर्म्युला आणि नुसता कॅल्क्युलेट होऊन बदललेला आकडा हे वेगवेगळ्या रंगात दाखवतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण एक आकडा बदलला की त्याच्यामागे शंभर सेल बदलतात पण कारण एकच असतं. अशा फाइलमध्ये मी सगळ्यात आधी शोधतो ते फॉर्म्युल्यावर कुणी हाताने आकडा टाइप केलाय का. आज व्हॅल्यू तीच असते म्हणून व्हॅल्यूच्या तुलनेत काहीच दिसत नाही, पुढच्या महिन्यात सगळं चुकतं. हा प्रोग्राम नसेल तर इझ-फॉर्म्युला आणि फॉर्म्युला-टेक्स्ट ही फंक्शन वापरून फॉर्म्युल्यांचीच तुलना करा.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये एडिट मेन्यूत ट्रॅक चेंजेसखाली कंपेअर डॉक्युमेंट आहे, नवीन फाइल उघडी ठेवून जुनी निवडायची, तेही जागेवरूनच बघतं. पायथन येत असेल तर पांडाज या त्याच्या डेटासाठीच्या लायब्ररीत आउटर मर्ज करा आणि इंडिकेटर चालू ठेवा, प्रत्येक ओळीपुढे ती डावीकडची, उजवीकडची की दोन्हीकडची ते लिहून येतं, फक्त फाइल वाचताना सगळं स्ट्रिंग म्हणून वाचा. आणि फाइलचा साइज किंवा हॅश (फाइलमधल्या बाइट्सवरून काढलेला तिचा ठसा) वेगळा आहे म्हणून डेटा बदलला असं समजू नका, एक्सएलएसएक्स ही आतून एक झिप फाइल असते, नुसती उघडून सेव्ह केली तरी आतलं बदलतं.

कुठल्याही पद्धतीने केलं तरी हिशोब जुळवल्याशिवाय रिपोर्ट पुढे पाठवू नका. जुन्या ओळी, वजा गेलेल्या, अधिक आलेल्या, हे नव्या ओळींइतकं यायलाच हवं. नगांचंही तसंच, जुनी बेरीज, वजा गेलेल्यांचे नग, अधिक आलेल्यांचे नग, अधिक बदललेल्यांतला फरक, म्हणजे नवी बेरीज. एकाचाही फरक पडला तर काहीतरी निसटलंय. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ केसेस काही दिवस यादीतून गळाल्या, कारण जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. आलेल्या आणि पोचलेल्या ओळी रोज मोजून जुळवल्या असत्या तर ते त्याच दिवशी दिसलं असतं. फिल्टर लागलेला असताना कॉपी केलं की ओळी गळतात, तेही याच मोजणीत पकडलं जातं.

तुमच्या केसमध्ये मी उद्या सकाळी असं करेन, दोन्ही फाइल्सच्या कॉपी काढून मूळ बाजूला ठेवेन, पिव्होटने कोड युनिक आहेत का बघेन, नऊशे एन-ए वर काउंटइफची टेस्ट लावेन आणि मगच पॉवर क्वेरीत जाईन. आणि सेटअप तयार झाला की खऱ्या फाइलवर चालवण्याआधी एकदा जुन्या फाइलची कॉपी घ्या, तिच्यात स्वतः एक ओळ उडवा, एक नवीन टाका, एका ठिकाणी नग बदला, एका कोडमागे स्पेस टाका आणि एक शून्य पुसून सेल रिकामा करा, मग ती कॉपी आणि मूळ जुनी फाइल यांची तुलना करा. बरोबर चार फरक यायला हवेत आणि स्पेसवाली ओळ जुळलेली दिसायला हवी.